जखम पुन्हा पुन्हा का खरवडतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. वडिलांना मधुमेह, तळपायाला जखम, दवाखान्यात दर दोन-तीन दिवसांनी बोलावतात, जखम खरवडून रक्त काढतात आणि दर वेळी ड्रेसिंगचे पैसे घेतात. 'जखम भरू द्यायची सोडून पुन्हा पुन्हा उकरण्यात कसलं शास्त्र?' असा त्यांचा सवाल होता. पत्रातला राग मी ओळखते, कारण तो आमच्या घरातही होऊन गेला आहे. म्हणून हे लिहायला बसले. पत्र लांबलं आहे, पण जमलं तर कापू नये, ही विनंती.

मी डॉक्टर नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जंतूंच्या विभागात ३५ वर्षं तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि २०१९ साली निवृत्त झाले. पू, लघवी, थुंकी, रक्त यांची कल्चर लावायची, दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं, कुठल्या औषधाला ते दबतं याचा रिपोर्ट करायचा, हे माझं काम. ड्रेसिंगचे किती पैसे घ्यावेत यावर मी काही बोलू शकत नाही. मात्र 'कसलं शास्त्र' याचं उत्तर मला ठाऊक आहे.

माझे थोरले बंधू अण्णा तासगाव भागात द्राक्षबागायतदार. साखर जुनी, पायाला मुंग्या येऊन येऊन तळवे बधिर झालेले. २०१६ साली ते आषाढी वारी पायी करून आले ते डाव्या करंगळीच्या खाली फोड घेऊनच. चप्पल नवी होती, ती कुठे घासली हे त्यांना कळलंच नाही. फोड फुटला, त्यावर हळद-तूप लावलं. मग एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय कॅप्सूल आणल्या. तीन दिवस घेतल्या, जखम वरून सुकली, कॅप्सूल बंद. आठवड्याने परत पू. परत त्याच कॅप्सूल. असं तीनदा झाल्यावर वहिनींनी मला फोन केला.

मी गेले तेव्हा अण्णा सोप्यात खाटेवर पाय सोडून बसले होते. पायाला जुन्या धोतराची पट्टी. ती सोडताना आधी वास आला. गोडसर, पिकल्या द्राक्षासारखा. बाहेर पावसाची बुरबुर, बागेत नुसता पाला, पावसाळ्यात कुठली आली द्राक्षं? पट्टीच्या आतल्या बाजूला निळसर हिरवा डाग पसरलेला. आमच्या खात्यात कुणीही तो वास आणि तो रंग डोळे मिटून ओळखेल. स्यूडोमोनास नावाचा जंतू. अण्णांच्या अख्ख्या आयुष्यात द्राक्षाचा वास म्हणजे पैसा आणि आनंद, आणि तोच वास त्यांच्या पायातून येत होता. मला तिथेच रडू आलं.

त्या जखमेचा स्वॅब, म्हणजे बोळ्यावर टिपलेला नमुना, आमच्याच प्रयोगशाळेत आला आणि प्लेट मीच लावली. संध्याकाळी पाचला इन्क्युबेटरमध्ये ठेवली, ३७ अंशांवर. सकाळी सातला काढून खिडकीशी धरली. आगरवर, म्हणजे जंतूंच्या खाद्याच्या जेलीवर, ज्या रेघा ओढल्या होत्या त्यांवर राखाडी, चपट्या, कडा फाटल्यासारख्या कॉलन्या, म्हणजे जंतूंचे पुंजके. पिवळट आगर मात्र होतं तसं स्वच्छ. तीच प्लेट परत ठेवून दुपारी चारला पाहिली तर कॉलन्यांच्या भोवतीचं आगर हिरवं पडायला लागलेलं. दुसऱ्या दिवशी अख्खी प्लेट मोरपिशी.

हे मी नोकरीभर पाहत आले. आधी वाढ दिसते, रंग मागाहून येतो. कच्च्या वाढीत रंग नाही, दाट झाली की रंग. रंग लगेच का येत नाही, हा प्रश्न मला पहिली दहा-बारा वर्षं पडलाच नाही. नंतर एका प्रशिक्षणात उत्तर मिळालं, आणि ते उत्तर सुरू झालं थेट समुद्रातून.

हवाई बेटांच्या उथळ पाण्यात एक छोटा जीव असतो. आपल्या कोकणात ज्याला माकूळ (इंग्रजीत स्क्विड) म्हणतात त्याच्याच गणगोतातला, पण जेमतेम अंगठ्याएवढा. दिवसभर वाळूत पुरून घेतो, रात्री शिकारीला निघतो. चांदण्या रात्री वरून प्रकाश येतो, तेव्हा खालून बघणाऱ्या माशाला त्याची काळी आकृती दिसायला हवी. ती दिसत नाही, कारण त्याच्या पोटाकडच्या बाजूला एक अवयव असतो आणि त्यातून खालच्या दिशेने चांदण्याच्याच तोलाचा उजेड पडतो. हा उजेड त्याचा स्वतःचा नाही. त्या अवयवात व्हिब्रिओ फिशरी नावाचे जंतू राहतात, उजेड त्यांचा.

आता गंमत अशी की हेच जंतू समुद्राच्या पाण्यात सुटे पोहत असतात तेव्हा चमकत नाहीत. केनेथ नीलसन आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी असे चमकणारे जंतू चंबूत वाढवून पाहिले. ताज्या खाद्यात थोडे जंतू सोडले की ते वाढत राहतात, एकाचे दोन, दोनाचे चार, पण तासन् तास अंधार. मग गर्दी ठरावीक दाटीला पोचली की एकदम भडका उडाल्यासारखा उजेड. दाट वाढ झालेल्या चंबूतलं पाणी जंतू गाळून घेऊन विरळ वाढीच्या चंबूत घातलं, तर तिथले जंतू गर्दी नसतानाच चमकू लागले. म्हणजे त्या पाण्यात काहीतरी होतं, जंतूंनीच बाहेर टाकलेलं. त्यांचा निबंध १९७० साली आला. तो पदार्थ नेमका कोणता ते १९८१ साली कळलं. अगदी लहानसा रेणू, पेशीच्या आवरणातून आरपार ये-जा करणारा.

प्रत्येक जंतू हा रेणू सतत थोडा थोडा बाहेर सोडत असतो. एकटा असला तर रेणू पाण्यात विरून जातो. आजूबाजूला हजारो-लाखो भाईबंद असले तर तो साचतो, साचला की परत आत शिरतो, आत एका प्रथिनाला चिकटतो आणि उजेडाच्या जनुकांचं बटण दाबलं जातं. त्याच बटणाने तो रेणू करायचा वेगही वाढतो, म्हणून उजेड हळूहळू न चढता एकदम उसळतो. जंतू 'बोलतात' असं आपण म्हणतो ते सोयीसाठी. तिथे मन नाही, बेत नाही. आपण किती जण आहोत हे साचलेल्या रसायनावरून कळण्याची ही सोय आहे.

१९९४ साली शास्त्रज्ञांनी याला नाव दिलं कोरम सेन्सिंग. आपल्याकडे सोसायटीच्या सभेला जाणाऱ्या कुणालाही कोरम समजावून सांगावा लागत नाही. गणपूर्ती. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तितकी हजर हवीत. तेवढी नसली तर सभा तहकूब. ठराव खिशात तयार असतो, पण माणसं भरल्याशिवाय मांडता येत नाही. जंतूंचंही तसंच. हत्यारं कशी करायची हे त्यांच्या जनुकांत पहिल्यापासून लिहिलेलं असतं, पण गणपूर्ती होईपर्यंत ती बहुतेक काढलीच जात नाहीत.

माकुळावर थोडी थांबते, कारण त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. हा जीव रोज पहाटे त्या अवयवातले सुमारे ९५ टक्के जंतू बाहेर टाकून देतो. रोज. उरलेल्या मूठभरांची गणपूर्ती राहत नाही, उजेड मालवतो. दिवसभरात ते परत वाढतात, संध्याकाळपर्यंत अवयव भरतो, रात्री पुन्हा उजेड. एकदा टाकून भागत नाही, कारण थोडे उरतातच आणि उरलेले वाढतातच. माकुळाला संध्याकाळी उजेड हवा असतो म्हणून तो त्यांना वाढू देतो. आपल्याला जखमेत तो 'उजेड' अजिबात नको असतो, म्हणून ते परत भरायच्या आत दुसऱ्यांदा काढावे लागतात.

जखमेतला 'उजेड' म्हणजे काय ते सांगते. स्यूडोमोनास असेच संदेश सोडतो, एक नव्हे, तीन-चार जातींचे. गणपूर्ती झाली की तो एक विकर (एन्झाइम) सोडतो, त्याने आपल्या ऊतींचे धागे तुटतात. साबणासारखा एक पदार्थ सोडतो, त्याने आपल्या पांढऱ्या पेशी फुटतात. तो निळा-हिरवा रंग सोडतो, आणि तो रंगही आपल्या पेशींना विषारीच. द्राक्षाचा वास ज्या रेणूमुळे येतो तोही याच संदेशांच्या कारभारातला. म्हणजे वहिनींच्या हातातल्या त्या पट्टीवर जे मला दिसलं आणि नाकाला जाणवलं, ती गणपूर्ती झाल्याची नोटीसच होती. सभा भरून ठराव मंजूर झालेले होते.

आणि या सगळ्यांबरोबर बुळबुळीत थर. जंतू साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं, मेलेल्या पेशींमधला डीएनए यांचा चिकट गिलावा करून त्यात दडून बसतात. याला बायोफिल्म म्हणतात. स्यूडोमोनासचा हा थर नीट बांधला जाण्यात त्याच्या संदेशांचा हात असतो हे १९९८ साली दाखवलं गेलं. २००८ सालच्या एका अभ्यासात, न भरणाऱ्या जुनाट जखमांच्या ५० नमुन्यांपैकी ३० मध्ये हा थर सापडला, ताज्या जखमांच्या १६ नमुन्यांपैकी फक्त एकात.

हा थर आपण सगळे रोज बघतो. सकाळी उठल्यावर दातांवर जीभ फिरवली की जे बुळबुळीत लागतं तेच ते. नुसत्या चुळा भरून ते जात नाही. घासावं लागतं, आणि रोज घासावं लागतं. 'काल घासले होते, आज परत कशाला?' असं कुणी विचारत नाही.

आता माझ्या स्वतःच्या कामाबद्दल एक गोष्ट, जी मला वाटतं रुग्णांना कुणी सांगत नाही. आम्ही जो सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट देतो तो कसा काढतो? जंतू सलाइनमध्ये कालवून एका ठरलेल्या गढूळपणाला आणतो. शेजारी प्रमाण नळी धरायची, मागे काळ्या रेघांचा कागद, दोन्ही नळ्यांतून रेघा सारख्या पुसट दिसल्या की झालं. मग ते पाणी बोळ्याने प्लेटभर एकसारखं सारवायचं, त्यावर औषधांच्या इवल्या चकत्या ठेवायच्या. १६ ते १८ तासांनी चकतीभोवती जंतू न उगवलेलं स्वच्छ रिंगण पडतं, ते पट्टीने मोजायचं. रिंगण पुरेसं मोठं असलं की औषधापुढे 'एस' लिहायचं, म्हणजे जंतू त्याला दबतो.

हे सगळं होतं ते नव्याने उगवणाऱ्या, उघड्यावरच्या, पातळ पसरलेल्या जंतूंवर. जखमेतले जंतू तसे नसतात. ते थराखाली दाटीवाटीने बसलेले असतात, आतल्यांना खाद्य आणि प्राणवायू कमी पोचतो म्हणून ते जवळजवळ झोपलेले असतात, आणि बरीच प्रतिजैविकं वाढत्या जंतूलाच मारतात. म्हणून रिपोर्टवर 'एस' असूनही औषध लागू पडत नाही. मग नातेवाईक आमच्या खिडकीशी येऊन विचारतात, 'मॅडम, रिपोर्ट चुकला का?' रिपोर्ट बरोबर असतो. मी प्लेटवर ज्याला मारून दाखवलं आणि जखमेत जो बसला आहे, तो जंतू एकच, पण त्याची अवस्था वेगळी. अण्णांच्या प्लेटवरही दोन औषधांची रिंगणं चांगली मोठी होती. मी स्वतः मोजली होती. इंजेक्शनं सुरू होऊन चार दिवस झाले तरी पट्टी हिरवीच होत होती.

मग शल्यचिकित्सकांनी सांगितलं, खरवडावं लागेल, आणि एकदा नव्हे. पहिल्या वेळी अण्णा गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी परत नेलं तेव्हा भडकले. 'आगं, बागंची खरड छाटणी वरसातनं एकदा करतोय आमी. माझ्या पायाची दर दोन दिसाला? ह्ये लोक पायावर घर बांधाय लागल्यात.' डॉक्टर घाईत होते, बाहेर रांग लागली होती. ते एवढंच म्हणाले, 'गरज आहे म्हणून करतोय.' अण्णांचं तेवढ्याने समाधान होणार नव्हतं आणि ते व्हायलाही नको होतं.

मी त्यांना बाकावर बसवून पाऊण तास हेच सगळं सांगितलं. माकुळाचं सांगितलं, पहाटे टाकून देतो ते सांगितलं. अण्णा दहा वर्षं गावच्या विकास सोसायटीचे संचालक होते, कोरम म्हटल्यावर त्यांचे डोळे बारीक झाले. शेवटी स्वतःच म्हणाले, 'म्हंजे त्यास्नी कोरम भरू द्याचा न्हाई. माणसं जमली की उठवायची.' अगदी तेच. त्यानंतर एकाही खरवडणीला त्यांनी कुरकूर केली नाही. 'आज किती उठवली?' असं ड्रेसिंगवाल्या ब्रदरलाच विचारायचे.

खरवडल्यानंतरच्या पहिल्या दिवस-दोन दिवसांना फार किंमत आहे, हे त्या गृहस्थांनी ध्यानात घ्यावं. थर फोडला की राहिलेले जंतू उघडे पडतात, परत जोमाने वाढायला लागतात, आणि वाढणारा जंतू औषधाला सापडतो. तेवढ्या काळात तेच औषध चांगलं काम करतं जे आधी फुकट जात होतं. तीनेक दिवसांत थर परत बसू लागतो. दर दोन-तीन दिवसांनी बोलावतात त्यामागे हा हिशेब आहे. एक तारीख चुकवली तर फक्त एक ड्रेसिंग चुकत नाही, आधीच्या खरवडणीने जे मिळवलं त्यावर पाणी सोडल्यासारखं होतं.

अर्थात प्रत्येक जखम खरवडायची नसते. पायाचा रक्तपुरवठाच तुटलेला असेल, बोट कोरडं काळं पडलं असेल, तर डॉक्टर आधी रक्तवाहिन्या तपासतात आणि हात लावायचा की नाही ते ठरवतात. साखर आटोक्यात नसेल आणि माणूस त्याच पायावर भार देऊन चालत असेल तरीही नुसत्या खरवडण्याने जखम भरत नाही. अण्णांना सहा आठवडे तो पाय टेकू दिला नाही, बागेत जायचं तर मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून.

सगळेच जंतू एका पद्धतीने वागतात असंही नाही. पुवातला दुसरा नेहमीचा जंतू स्टॅफिलोकोकस, त्याचा संदेश म्हणजे प्रथिनाची तोकडी साखळी. त्यात चार भावक्या आहेत. एका भावकीचा संदेश दुसऱ्या भावकीच्या कानात गेला तर ती ऐकायचीच बंद होते. दुसरीकडे काही संदेश असे की निरनिराळ्या जातींच्या जंतूंना समजतात, जणू बाजारातली बोली. अमेरिकेत प्रिन्स्टनला बॉनी बॅसलर यांनी हे काम केलं आहे. त्यांच्या व्हिब्रिओ जंतूंच्या या सामाईक संदेशात बोरॉनचा अणू असतो हे २००२ साली दिसलं तेव्हा मला फार नवल वाटलं, कारण बोरॉन मला माहीत होतं ते अण्णांच्या बागेत फवारतात म्हणून.

आणि पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू तर उलट्या बाजूचा. वारीवरून आठवलं. आमची आजी सांगायची, पूर्वी पंढरपूरहून माणसं परत यायची ती पटकी घेऊनच, मग मरीआईला गाऱ्हाणं. हा जंतू आतड्यात थोडा असतो तेव्हाच चिकटून राहतो आणि विष तयार करतो. गणपूर्ती झाली की तो विष थांबवतो, चिकटण्याची सामग्री आवरतो आणि जुलाबांबरोबर बाहेर पडून पाण्यात पुढचं घर शोधतो. त्याला जायचंच असतं. ते विष असतं, हे शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ साली दाखवलं होतं, आणि तो थांबतो कधी हे कळायला पुढे चार दशकं लागली. म्हणून 'गर्दी मोडली की जंतू नरम' हा नियम मी फक्त पुवाच्या जुनाट जखमांपुरता सांगते आहे, सगळीकडे लावू नये.

मग संदेशच बंद पाडणारं औषध का नाही, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक तांबडं शेवाळ आहे, त्याच्या अंगावर जंतूंचा थर बसत नाही. ते असे रेणू करतं की जंतूंना एकमेकांचा संदेश कळेनासा होतो. काही जंतू दुसऱ्यांचे संदेश तोडणारी विकरं करतात. प्रयोगशाळेत हे उत्तम चालतं. पण दवाखान्यात आज तुमच्या-माझ्या जखमेवर लावायचं तयार औषध म्हणून ते आलेलं नाही.

लसणातला अजोइन नावाचा घटकही प्रयोगशाळेत स्यूडोमोनासचे संदेश दाबतो. हे कुठेतरी वाचून कुणी जखमेवर लसूण ठेचून बांधू नये, ही माझी हात जोडून विनंती. लसणाने कातडी भाजते. बधिर पायाला ते भाजणं कळतही नाही. अशी भाजलेली टाच मी पाहिली आहे, तिचा स्वॅब मी लावला आहे.

आता त्या गृहस्थांच्या रागाकडे येते. त्यांचा राग खरवडण्यावर दिसतो, पण मला वाटतं तो खरा आहे न सांगण्यावर. वडिलांच्या पायातून दर दोन दिवसांनी रक्त काढताना पाहायचं आणि का ते कुणी बोलायचं नाही, याने कुणीही चिडेल. आमच्या रुग्णालयांत गर्दी असते, हे मला माहीत आहे, मी त्याच गर्दीत आयुष्य काढलं. तरी ड्रेसिंगच्या खोलीत एक फळा असावा. त्यावर चार ओळी मराठीत: जंतू थोडे असतात तेव्हा दुबळे, दाट झाले की घातक, आम्ही ती दाटी मोडतो आहोत, तारीख चुकवू नका. एवढं लिहायला किती खर्च येतो? शाळेच्या पुस्तकात जिवाणू म्हणजे एकपेशीय, एवढं वाचून मुलं पुढे जातात. हे एकपेशीय एकमेकांना मोजतात, हे आठवीतल्या मुलाला कळलं तर तोच घरी आजोबांना औषध अर्ध्यावर सोडू देणार नाही.

औषधाच्या दुकानदारांनाही मला सांगायचं आहे. चिठ्ठीशिवाय दिलेल्या त्या तीन-तीन दिवसांच्या कॅप्सूलनी अण्णांच्या जखमेतले वरचे, सुटे, औषधाला सापडणारे जंतू तेवढे मेले. थराखालचे तसेच राहिले. वरून सुकलेली जखम बघून आम्ही तीन आठवडे घालवले, आणि त्या तीन आठवड्यांत थर हाडापर्यंत गेला. योग्य औषध काटेकोरपणे पहिल्या आठवड्यात, जंतू थोडे असताना मिळालं असतं तर करंगळी वाचली असती, असं मला आजही वाटतं. करंगळी काढावी लागली. बाकीची जखम चार महिन्यांनी भरली. अण्णा आता पायी वारीला जात नाहीत, एकादशीच्या आदल्या दिवशी एसटीने जातात आणि रोज रात्री निजताना हातात आरसा धरून दोन्ही तळवे बघतात. बोटांच्या बेचक्यांसकट.

त्या गृहस्थांनी पुढच्या ड्रेसिंगला जाताना डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. पायाचा रक्तपुरवठा तपासला आहे का. हाडापर्यंत गेलं आहे का, म्हणजे एक्स-रे झाला आहे का. आणि कल्चरचा स्वॅब वरच्या पुवाचा घेतला की जखम धुऊन, खरवडल्यावर तळातून. वरवरच्या पुवात वाटेवरचे पाहुणेच फार मिळतात, खरा मालक तळात असतो. हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि पैशांबद्दल विचारण्याचाही. फक्त तारीख चुकवू नये.

वडिलांची जखम कशी आहे हे त्यांनी आपल्याच अंकातून कळवलं तर मला फार बरं वाटेल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. सांगली
(नाव छापू नये)